सांध्याचा हिरवा दिवा

दिवा हिरवा लागला, तरीही गाडी सरळ न जाता चिखल्याच्या खाणीकडं वळली आणि पुठ्ठ्याच्या डोंगराला धडकून आडवी झाली. सकाळपासून हेच चाललं होतं.

जवाहरनगरच्या कॉलनीत दर सव्वीस जानेवारीला हौशी लोकांच्या करामतींचं प्रदर्शन भरे. शहाऐंशी सालच्या प्रदर्शनासाठी वायरमन तुलारामने दूध पावडरचे डबे कापून गोल रुळांवर फिरणारी मालगाडी केली होती, आणि शेजारच्या पुंडलिकरावांनी आकड्यांच्या बटनांची पेटी. एक दाबलं की रूळ बदलणारा सांधा सरळ लागायचा आणि हिरवा दिवा पेटायचा; दोन दाबलं की सांधा खाणीकडं वळायचा आणि दिवा लाल. निदान ठरलं तरी तसंच होतं.

दुसऱ्या कुणी त्या दिव्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण तुलारामचे वडील सोमाजी प्रदर्शन पाहायला येणार होते. चिखल्याजवळच्या एका स्टेशनावर त्यांनी सांधेवाला म्हणून जन्म काढला होता, आणि आता काचबिंदूने नजर इतकी गेली होती की माणूस ओळखू येत नसे, दिव्याचा रंग तेवढा कळे. या साऱ्या खटाटोपातलं त्यांना दिसणार होतं ते एवढंच. तोच दिवा खोटं बोलला तर बापाला दाखवायचं काय, या विचाराने तुलारामचा जीव कासावीस झाला होता.

पुंडलिकराव म्हणत, पेटीत खोट नाही. तुलाराम म्हणे, वायरिंगमध्ये नाही. दोघंही आपापल्या कामाबाबत भारी मानी. शेवटी सापडलं ते असं, की रुळांना काल दिलेला रंग सांध्याच्या हलत्या पातीखाली वाळून बसला होता आणि पात अर्ध्यातच अडकत होती. रंग खरवडा, मिटलं, असं पुंडलिकराव म्हणाले. पण पात अडकली असताना दिवा हिरवा का, हे काही तुलारामच्या डोक्यातून जाईना.

तेवढ्यात त्याची बायको मालनबाई डबा घेऊन आली. बाबा जेवले का, असं त्याने विचारलं. सिहोऱ्याहून येणाऱ्या बाबांना भंडाऱ्याच्या स्टँडवरून आणायचं, हे त्याने तिला सकाळीच सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरातून "हो जी" म्हणाली होती, आणि तेवढ्या भरवशावर बाबा घरी पोचल्याचं त्याने अर्ध्या कॉलनीला सांगूनही टाकलं होतं.

"त्यायची बस दोन वाजता येते. आता मी आणालेच जाऊन राहिली," मालनबाई म्हणाली.

"मंग सकाळी हो काहून म्हनलं?"

"हो म्हनलं म्हंजे आयकलं. आणल्यावर सांगीन ना, आणलं म्हून. तुमचं तं हुकूम सोडला का झालंच काम."

पुंडलिकराव मनापासून हसले. तुलारामने मात्र हातातला घास डब्यात परत ठेवला. घोडं कुठं पेंड खात होतं ते त्याला कळलं होतं. दिव्याची तार त्याने बटनाला जोडली होती. बटन दाबलं की दिवा लागे; पातीने ऐकलं की नाही, हे तिला विचारतंय कोण? आणि हे सोमाजीच्या मुलाने करावं! सोमाजी सांधा ओढल्यावर पातीला बुटाने लाथ मारून ती टेकल्याची खात्री करून घेत, मगच हिरवा कंदील वर उचलत. घरीसुद्धा दाराला कडी घातली की दार हलवून पाहत, आणि सगळे त्यांची थट्टा करत. त्यात तुलाराम सगळ्यांच्या पुढं.

जेवण तसंच राहिलं. जुन्या टॉर्चमधली पितळी पट्टी कापून त्याने पातीच्या टोकाशी बसवली आणि दिव्याची तार तिथं आणली. पुंडलिकरावांनी कथलाचा डाग देऊन ती पक्की केली. आता पात रुळाला नीट टेकली तरच दिवा, नाहीतर अंधार.

संध्याकाळी क्लबचा हॉल भरला. धुतलेला कोट घातलेल्या सोमाजींना मालनबाईने पुढच्या खुर्चीत बसवलं, आणि कुठल्या दिव्याचा काय अर्थ ते तुलारामने त्यांना समजावून सांगितलं. मग त्याने एक दाबलं. सांधा खट्‌कन वाजला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, आणि तो गाडी सोडणार तोच म्हातारा बोलला.

"थांब रे. सांधा लागला नाई."

खरंच दिवा लागला नव्हता. खरवडलेल्या रंगाचा एक कण पातीखाली राहून गेला होता. तुलारामने तो आगकाडीने काढला. पात टेकली, आणि दिवा हिरवा झाला.

"हं. आता सोड."

गाडी निघाली तसे सोमाजी खुर्चीतून उठले. चाचपडत त्यांनी कोटाची वरची गुंडी लावली आणि उजवा हात उंच धरला, कंदील धरत तसाच. मागं पोरं खिदळली, पण मालनबाईने डोळे वटारल्यावर गप्प झाली. शेवटचा डबा सरळ रुळावरून खडखडत निघून गेला, तरी तो हात खाली आला नाही. बाबा, बसा आता, असं म्हणणं तुलारामच्याने होईना. त्याने गाडी थांबवलीच नाही. दिवा हिरवा होता, आणि गाडी पुन्हा वळसा घेऊन येत होती.