खिरापतीची पुडी

नाहूरच्या चाळीत राहणाऱ्या काशीराम तावड्यांचा कुत्रा पैलवान नावापुरताच पैलवान होता. टिकली फुटली तरी पलंगाखाली जायचा. गेल्या गणपतीत घंटा वाजताच त्याने असा गळा काढला, की शेजारचा नंदू म्हणाला, "काका, सुरात तोच आहे हां."

वीस वर्षं चाळीत आरती सांगणाऱ्या काशीरामला ते फार लागलं. यंदा, शहाऐंशी साली, गणपतीला दोन महिने असतानाच त्याने जाहीर केलं, "पैलवान गप्प राहायला शिकला नाही, तर गावी धाडणार."

"आणि तुम्हाला करमेल?" बायकोने, जानकीने विचारलं.

काशीरामने ते कानाआड केलं. गिरणीत कामगारांवर जॉबर असताना त्याने भलेभले सरळ केले होते, तिथे कुत्र्याची काय कथा? डाव्या हाताने घंटा वाजवायची, पैलवान ओरडला की उजव्या हातातल्या पेपरच्या गुंडाळीचा पाठीत फटका. चौथ्या दिवशी पैलवान गप्प.

"बघ, झाला की नाही सरळ?"

"सरळ कसला? थरथरतोय तो."

आठवड्याभरात घंटा नुसती दिसली तरी पैलवान मुतायला लागला. मग सकाळी दारात पेपर पडला तरी. आणि एका संध्याकाळी, काखेत पेपर घेऊन घरी आलेला काशीराम दिसला, तेव्हाही. रोज जिन्यापर्यंत धावत येणारं जनावर पलंगाखाली शिरलं. काशीरामला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"आता घंटा मला द्या," जानकी म्हणाली.

तिने घंटेला फडकं बांधलं. हळूच एकदा वाजवायची, लगेच खोबऱ्याचा तुकडा द्यायचा. काही दिवसांनी फडकं सैल केलं, मग काढलं. चतुर्थीला घंटा खणखणली, तेव्हा पैलवान शेपटी हलवत जानकीच्या हाताकडे बघत बसला होता. आरती निर्विघ्न पार पडली. गावी जाणं टळलं.

काशीरामने खुशीत खिरापतीची पुडी पुढे केली. पैलवान मागे सरकला. पुडी पेपरची होती.

काशीरामचा चेहरा उतरला. खिरापत तळहातावर ओतून त्याने कागद दाराबाहेर टाकला, जमिनीवर बसकण मारली आणि हात पसरून तोंड दुसरीकडे फिरवलं.

"काका, चला, आमची आरती खोळंबलीय," नंदूने हाक मारली.

"आज तू सांग रे."

शेजारी दोन आरत्या झाल्या. काशीरामच्या हाताला मुंग्या आल्या, पण त्याने तो हलवला नाही. तिसरी सुरू होता होता तळहाताला आधी ओलं नाक लागलं, मग जीभ.