चाळीस वजा

माझी बायको पुरिंग गेल्याचं मला जिल्ह्याच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं सांगितलं. सकाळी मासळी वाळत घालताना ती पडली आणि दुपारी दोनला सगळं संपलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बीपी कधीपासून होतं, असं डॉक्टरनं विचारलं. माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे धरली. चौदा दिवसांचं आईचं बीपी, सकाळ-संध्याकाळ, आणि प्रत्येक आकड्याखाली आईची सही. एकशे तीस, एकशे अठ्ठावीस, एकशे बत्तीस. डॉक्टरनं वही चाळून परत दिली. कधीकधी एका दिवसात चढतं, म्हणाला.

मुलीचं नाव क्लारिस, पण घरात ती इंदायच, आणि मी तिचा ताय, म्हणजे बाबा. ती वही कॉलेजचा अभ्यास होता. घरातल्या एका माणसाचं बीपी चौदा दिवस मोजून मॅडमना दाखवायचं. त्याच्या आधल्या आठवड्यात वर्गात इंदायनं शेजारच्या मुलीचं बीपी एकशे साठ सांगितलं होतं. मॅडमनी स्वतःच्या मशीनवर मोजलं तर एकशे वीस. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, की तुझे कान चाळीस वाढवून ऐकतात, तू अख्खं गाव आजारी पाडशील. पोरी हसल्या. इंदाय घरी येऊन जेवली नाही.

मग घरासाठी विकत आणलेल्या नव्या मशीनवर वही सुरू झाली. पुरिंग दंड उघडा करून खुर्चीवर बसायची आणि मुलीला चिडवायची. "आटप गं, चुलीवर भात करपला तर त्याचं बीपी कोण मोजेल?" पहिल्याच संध्याकाळी आकडा आला एकशे सत्तर. पुन्हा मोजला, तेवढाच. इंदाय अंगणात माझ्याकडे आली. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, तेव्हाही एक इंजिन खोलून बसलो होतो.

"ताय, मला परत चाळीस जास्तच ऐकू येतंय. हे लिहिलं तर मॅडम परत हसतील."

माझ्या हवेच्या पंपाचा काटा पाच वर्षं दहा जास्त दाखवतो. मी दहा वजा धरून काम करतो, आजवर काही अडलं नाही. मी मानही वर केली नाही. म्हटलं, "किती जास्त ते कळलंय ना? मग तेवढं वजा कर आणि लिही."

"चालेल?"

"माझं चालतंय की."

तिनं एकशे तीस लिहिलं. मग चौदाही दिवस तसंच, पेन्सिलीनं खरा आकडा लिहायचा, चाळीस वजा करायचे, शाईनं लिहायचं आणि पेन्सिल खोडायची. पुरिंगचं डोकं दुखायचं, पण ती उन्हाला दोष द्यायची. वहीत एकशे तीस होतं, म्हणून मीही उन्हालाच दिला.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि इंदायनं पांढरा गणवेश धुऊन, घडी घालून मावशीच्या मुलीला देऊन टाकला. आता ती मावशीच्या बेकरीत पाव भाजते. मी एकदाच विषय काढला.

"जिला नीट ऐकूच येत नाही तिनं नर्स होऊन काय करायचं, ताय?" ती म्हणाली. "आईच्या वेळी तरी बीपी बरं होतं. दुसऱ्या कुणाच्या वेळी नसेल."

गेल्या आठवड्यात तिची एक मैत्रीण घरी आली. इंदाय बेकरीत होती. मैत्रीण सहज बोलून गेली, की वर्गातलं एक जुनं मशीन फेकून दिलं, हवा नसतानाही त्याचा काटा चाळिसावर उभा असायचा. इंदायला त्या दिवशी तेच मिळालं होतं.

मी चक्कर येते असं खोटंच सांगून घरच्या त्याच मशीनवर इंदायकडून माझं बीपी मोजून घेतलं. ती तयार नव्हती, बऱ्याच विनवण्यांनी तयार झाली. एकशे पन्नास, म्हणाली, आणि लगेच म्हणाली, म्हणजे एकशे दहा. मी तसाच आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सुईणबाईनं मोजलं. एकशे पन्नास.

तिचे कान चांगले आहेत. हे कळलं तर ती परत कॉलेजात जाईल. पण त्याबरोबर तिला हेही कळेल, की वहीत खोडलेले आकडे खरे होते. वजा करायला मी सांगितलं होतं, पण ती ते माझ्यावर ढकलणार नाही. मी तिला ओळखतो.

नाव नोंदवायची मुदत शुक्रवारी संपते. आज बुधवार. मी तिला अजून काहीही सांगितलेलं नाही.