टर्बो उतरवायचा नाही

मेस्त्रींच्या मुलाला ग्रीसच्या वासानेच मळमळायचं. तो विमा कंपनीत कारकून झाला आणि गॅरेजमध्ये आली ती त्याची बायको. आधी लोक हसले, मग सवय झाली. मेस्त्रींनाही झाली, पण शेवटचा शब्द आपलाच, हा हेका काही त्यांनी सोडला नव्हता.

त्या सकाळी टेकडीवरच्या दवाखान्याची रुग्णवाहिका पुन्हा दारात येऊन उभी राहिली. तिच्या चालकाला सगळे धांदल्या म्हणत. तो उतरता उतरताच ओरडला, "चढ लागला की मान टाकते हो! पिवळा दिवा पेटतो आणि मग सायकलवालासुद्धा मला मागे टाकतो."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. मागच्याच आठवड्यात तिने स्कॅनर लावून, टर्बो इंजिनात जी हवा कोंबतो तिचा दाब मोजणारा सेन्सर बदलला होता आणि "आता काळजी नको" असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

मेस्त्रींनी पाना उचलला. "मी पहिल्यापासून सांगतोय, टर्बो गेलाय. काढा आणि दुसरा बसवा."

"टर्बो उतरवायचा नाही."

"एकदा तोंडावर आपटलीस ना?"

"आपटले. माझं चुकलं, बाबा. पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही."

धांदल्याने जीभ चावली. मेस्त्रींशी असं कुणी बोलत नसे. ते बॉनेटकडे निघाले, तशी ती आडवी उभी राहिली. दोन्ही हात तिने खिशात कोंबले.

"आधी चढावर जाऊ. गाडी तुम्ही चालवा, आकडा मी बघते. मग काय ते उतरवा, हवं तर मला घरी बसवा."

"बसवीनच," असं गुरगुरत मेस्त्री गाडीत चढले.

चढावर गाडी जोरात निघाली. तिच्या मांडीवरच्या स्कॅनरवर दाबाचा आकडा नीट वाढत होता. वळणावर मेस्त्रींनी पाय दाबला आणि आकडा एकदम शून्यावर आला. पिवळा दिवा लागला, गाडी रडतखडत चालू लागली.

"बघितलंत? टर्बो दमला असता तर दाब हळूहळू कमी झाला असता. अशी चुटकीसरशी हवा कुठे नाहीशी होते का? आणि सेन्सर तर नवा कोरा आहे. खोट वायरीत आहे."

मेस्त्रींनी गाडी वळवली. परत आल्यावर तिने किल्ली चालू ठेवायला सांगितली आणि सेन्सरपासून निघालेली वायर वीतवीत हलवत गेली. काहीच नाही. धांदल्या येरझारा घालून घालून थकला. शेजारचा टायरवाला दारातून डोकावून म्हणाला, "काय, गुदगुल्या करून हसवताय का गाडीला?"

"हसली की तुम्हाला बोलावते," ती मान वर न करता म्हणाली.

इंजिनाच्या मागे, हात जेमतेम जाईल अशा सांदीत एक लोखंडी पट्टी होती. तिथे वायर दाबताच आकडा शून्य. सोडली की जागेवर. छोटा आरसा सांदीत धरून पाहिलं तर वायरीचं वरचं आवरण घासून गेलं होतं, तांबं उघडं पडलं होतं.

मेस्त्रींनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग इंजिन हाताने रेटलं. "इंजिनाखालचं रबर बसलंय. जोर लागला की इंजिन कलतं आणि वायर पट्टीला चिकटते. म्हणून फक्त चढावर."

हे तिला सुचलं नव्हतं. "मग रबरही बदलू," ती म्हणाली.

वायर आणि रबर झाल्यावर दुपारी धांदल्या गाडी चढावर पळवून आला आणि दिवा न लागल्याचं सगळ्या गल्लीला सांगत सुटला.

"तरी टर्बो जुनाच आहे," मेस्त्री पुटपुटले.

"जुने तर तुम्हीही आहात, बाबा. बदलायचं का?"

टायरवाला खो-खो हसला. मेस्त्रींनी डोळे वटारले, पण ओठ आवरेनात. त्यांनी पाना तिच्या हातात आदळला. "वायर वरून नेलीस ना? पुन्हा घासली तर बघ."

"घासणार नाही," ती म्हणाली आणि पुढच्या गाडीचं बॉनेट त्यांना न विचारताच उघडलं.