सूनमुखाचा रुपया

महिपती बाजारातून निडी गावातल्या आपल्या घरी आला आणि पायरीवरच थबकला. ओटीवर सुपात त्याची जुनी नाणी मांडलेली होती, आणि सगळीच्या सगळी लखलखत होती! शेजारी चिंचेचा कोळ आणि राखेचं वाडगं. सून अनिता पदराने शेवटचं नाणं पुसत होती.

"मामा, बघा तरी कशी उजळली," ती हसून म्हणाली.

महिपतीच्या तोंडचं पाणीच पळालं.

आता सांगा, माणसाने बोलावं काय? उभा जन्म त्याने रोह्याला सोनाराच्या भट्टीवर काढला. लोक जुनी चांदी मोडीत घालायचे. त्यात कधी कंपनी सरकारचा रुपया निघायचा, कधी एखाद्या संस्थानाचा. मुशीत पडायच्या आत महिपती तो मालकाकडून पगारात वळता करून घ्यायचा. मऊ कापडात गुंडाळायचा, कडेला धरूनच उचलायचा, बोटाचा ठसा म्हणून उठू द्यायचा नाही. नाण्यावर वर्षानुवर्षांची काळपट झाक चढते ना, शौकीन माणूस पैसे मोजतो ते तिचेच. ती घासून काढली की उरते नुसती वजनाची चांदी. बायको होती तेव्हा लक्ष्मीपूजनालासुद्धा त्याने तिला हळदकुंकू लांबूनच वाहायला लावलं, एवढा हट्टी!

आणि सौदा नेमका आजच होता. मुलगा नितेश शिफ्टला जायचा ती कंपनी बंद पडली होती. त्याला पिठाची गिरणी घालून द्यायची, म्हणून महिपतीने काळजावर दगड ठेवून नाणी विकायला काढली होती. पेणचे व्यापारी मितेशशेठ दुपारी येणार होते. सकाळी ट्रंकेची किल्ली सुनेच्या हातात देताना तो एवढंच म्हणाला होता, "नाणी काढून ठेव गो, शेठ बघायला येतोय."

अनिता जोहे गावची, बापाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. गिऱ्हाईक येणार म्हटलं की शेवटचा हात फिरवल्याशिवाय मूर्ती पुढे ठेवायची नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. पोरीने तेच केलं.

पण महिपतीचं डोकं फिरलं. "कुणी सांगितलं तुला? ह्या घरात तुझं काय हाय गो, म्हणून हात लावलास?"

बोलून गेला खरा. अनिताचं तोंड एवढंसं झालं. ती उठून आत गेली.

दुपारी मितेशशेठनी भिंगातून एकेक नाणं पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. "काका, घासलीत? तुम्ही?"

"झालं खरं," महिपती म्हणाला. सुनेचं नाव त्याने घेतलं नाही.

"मग मला वजनावरच घ्यावी लागतील."

नितेश मान खाली घालून भिंतीला टेकला. तेवढ्यात अनिता बाहेर आली. तिच्या मुठीत एक रुपया होता, काळपट, जुना. "ह्याला मी हात नाय लावला शेठ. हा विकायचा नव्हता ना, म्हणून."

तो तिचा सूनमुखाचा रुपया. लग्नात सासू नव्हती, तर सुनेचं तोंड पाहायला चुलतसासू बसली. पण हातावर रुपया ठेवला तो महिपतीने, आपल्याजवळचा सगळ्यात चांगला. तसं तो कुणाला बोलला मात्र नव्हता.

शेठ भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. "काका, ह्या एकट्यात नवीकोरी गिरणी बसेल!"

"घ्या मग," अनिता म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

ह्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी ही एकच वस्तू, आणि तीही तिने पुढे केली होती.

"बघू द्या जरा." महिपतीने रुपया शेठच्या हातातून घेतला, चिंचेच्या कोळात बुडवला, वर राख टाकली आणि अंगठ्याने खसाखसा घासायला लागला.

"काका! अहो काका!" शेठ ताडकन उठले.

"बाबा, येड लागलं काय?" नितेश ओरडला.

महिपती थांबला नाही. रुपया पांढराफेक झाला तेव्हा त्याने तो धुतला, धोतराला पुसला, अनिताच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली.

"आता हा कोण घेत नाय," तो म्हणाला. "तुझा तो तुझाच राहिला. शेठ, बाकीची घाला तराजूत. गिरणी आम्ही जुनी बघू."