लाथेचं बटण

छोट्याचा हात मशीनमध्ये गेला हे भावजयीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी एका मनगटी घड्याळाचं मागचं झाकण बसवत होतो. ते नीट बसवलं, मग दुकानाचं शटर ओढलं. हॉस्पिटलात ती माझ्यासमोर ढसाढसा रडली आणि मी तिला विचारलं की गाडी कुठे लावू, खाली गार्ड ओरडतोय. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला काही वाटतं की नाही?" मी जरा शोधून पाहिलं. काही वाटत नव्हतं.

छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. एकोणचाळीस वर्षांचा, माझ्याहून वीतभर उंच, तरी छोट्याच. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो घडी घालायच्या मशीनवर होता. मशीननं त्याच्या उजव्या हाताची चार बोटं पुठ्ठ्यासारखीच दुमडली. बोटं वाचली, आत तारा घातल्या, मग काढल्या. पण आता ती वाकत नव्हती आणि टोकांना गरम-गार कळत नव्हतं. फिजिओथेरपीच्या बाईंनी तोंडावर सांगितलं, "हातात सहा आठवडे आहेत. तेवढ्यात बोटं हलवली तर हलतील. नंतर माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

त्याला पिळायला रबरी चेंडू दिला होता. तो चेंडू दोन आठवडे टीव्हीखाली पडून होता.

"करत नाहीत हो ते," भावजय म्हणाली. "दादा, तुम्ही तरी सांगा. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. छोट्या हसला. "जाऊ दे ना दादा. माझे हात आधीपासूनच मंद. बाबा म्हणायचेच की. मंद होते, आता बंद झाले."

हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकत होतो. लग्नात, बारशात, त्याच्या हातून कप फुटला की. आपला रक्तगट सांगावा तसं तो ते सांगायचा. मी दरवेळी हसायचो.

आता हे मंदपण कुठून आलं ते सांगतो. आमचे बाबा घड्याळजी होते. दुकानात एकच बाक, एकच खुर्ची, आणि बाबांचा तो चिमटा, ज्याला आम्ही हात लावला तर चापट बसायची. दुकानाशेजारी एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. ते बंद पडलं तेव्हा आम्ही दोघं सुतक पडल्यासारखे फिरलो. मग कोणीतरी एका सीडीवर एम्युलेटर आणून दिला. म्हणजे साध्या कॉम्प्युटरला पार्लरच्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. पार्लरमधल्या मारामारीच्या खेळांच्या नकला त्यात चालायच्या, त्याच ठिपक्याठिपक्यांच्या माणसांसह. पाचाचं बटण दाबलं की नाणं पडल्याचा आवाज यायचा. फुकट नाणी! आम्ही पहिल्या दिवशी नुसतं पाच दाबत बसलो होतो.

कीबोर्ड मात्र एकच. उजवीकडे बाणांच्या बटणांवर मी, डावीकडे अक्षरांवर छोट्या. माझा लाल पट्ट्याचा कराटेवाला, त्याचा ढेरपोट्या पैलवान. पहिले काही महिने तो मला बदडून काढायचा. त्याची बोटं इतकी भरभर चालायची की मला आवाजच ऐकू यायचा, बोटं दिसायची नाहीत.

मग एके दिवशी मला ते सापडलं. स्वस्तातले कीबोर्ड एका वेळी ठरावीक बटणंच ऐकतात. मी खाली बसून मार अडवायला डावा आणि खालचा बाण दाबून ठेवलेला असताना चुकून अंगठा वरच्या ‘एंड’ बटणावर पडला. त्या खेळात ते बटण कशालाच लागत नाही. पण ही तीन बटणं एकदम दाबली की छोट्याचं ‘एस’ मरायचं. ‘एस’ म्हणजे त्याची लाथ. पैलवान उडी मारून यायचा आणि लाथ न मारताच माझ्यासमोर उतरायचा, शेजारी येऊन उभा राहावा तसा. मग मी त्याला झोडपायचो.

मी बोललो नाही. कपाटाच्या दाराला आतून आम्ही पेन्सिलीनं रेघा ओढायचो. माझ्या रेघा वाढत गेल्या. छोट्या आपल्या बोटांकडे बघायला लागला. "मी दाबलं होतं रे," म्हणायचा. मी म्हणायचो, "उशिरा दाबलंस."

मी वीस वर्षांचा, तो सतरा, तेव्हा बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला. बाकावर कोणाला तरी बसवायला हवं होतं. दोघांनाही बसायचं होतं. खरं तर छोट्याला जास्त. तो मोडकी घड्याळं उघडून पुन्हा चालू करायचा, मी फक्त उघडायचो. बाबांना कोणाचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी न्याय कॉम्प्युटरवर सोपवला. "माझ्यासमोर दहा डाव खेळा. ज्याची बोटं डोळ्यांचं ऐकतात, तो बाकावर बसेल." भिंग कपाळावर सरकवून ते आमच्या मागे उभे राहिले.

मी नऊ डाव जिंकलो. दहावा मी त्याला दिला, शंका नको म्हणून.

बाबांनी छोट्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझे हात मंद आहेत रे राजा. वाईट नाहीत, मंद आहेत." आणि चिमटा माझ्या तळहातावर ठेवला. पुढच्याच महिन्यात छोट्या कारखान्यात लागला. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी बरा घड्याळजी आहे. गिऱ्हाईक परत येतं, पण कौतुक करत नाही.

तर मी लॅपटॉपवर एम्युलेटर टाकला, दोन वेगवेगळे कंट्रोलर आणले आणि दुकान दुपारी बंद करून रोज छोट्याकडे जाऊ लागलो. बाईंना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, बोटं हलतात ना, मग तबला वाजवा नाहीतर गेम खेळा. पैलवान पडद्यावर आला तसा छोट्या खुलला. "अरे, याचं पोट अजून तेवढंच!"

पहिले चार दिवस तो हरला. बोटं बटणावर नुसती ठेवलेली असायची, दाबायला अख्खं मनगट लागायचं. पाचव्या दिवशी मधलं बोट वाकलं. आठव्या दिवशी त्यानं मला हरवलं. मी पुरता जोर लावून खेळत होतो. नवव्या दिवशी त्यानं मला लागोपाठ सहा डाव हरवलं, अर्ध्या मेलेल्या हातानं.

त्यानं कंट्रोलर खाली ठेवला.

"दादा, पुरे."

"का? जिंकतोयस की."

"तू मुद्दाम हरतोयस. मी काय लहान आहे का? हात गेला म्हणून कीव करायला येतोस रोज?" त्यानं चेंडू पायानं टीव्हीखाली ढकलला. "मला माहितीये माझे हात कसे आहेत. उद्यापासून येऊ नकोस."

भावजय स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. सहापैकी तीन आठवडेही उरले नव्हते. मी मुद्दाम हरत नाही हे त्याला पटवायचा एकच रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी मी जुना कीबोर्ड घेऊन गेलो. तो दुकानाच्या माळ्यावर होता. इतकी वर्षं तो का टाकला नाही ते मला विचारू नका. त्याची गोल पिन लॅपटॉपला बसत नाही, म्हणून मधला तुकडा आणला होता. मी खेळ लावलाच नाही. लिहायचं कोरं पान उघडलं.

"‘एस’ दाब," मी म्हणालो.

"येऊ नको म्हटलं होतं ना?"

"एकदा दाब."

त्यानं दाबलं. पानावर ‘एस’ उमटलं. मग मी डावा बाण, खालचा बाण आणि ‘एंड’ दाबून धरलं. अंगठा न बघता जागेवर गेला.

"आता दाब."

त्यानं दाबलं. काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं. मग डाव्या हाताच्या चांगल्या बोटानं दाबलं. पानावर ते पहिलंच ‘एस’. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, ‘एंड’वरच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो मंद कधीच नव्हता.

"नेहमी?"

"बहुतेक वेळा."

"बाबा मागे उभे होते तेव्हा?"

"हो."

शिव्या येतील असं मला वाटलं. भावजय दारातून आत आली होती आणि तिथेच थांबली होती. छोट्यानं उजवा हात उचलला, सुजलेलं मधलं बोट त्या ‘एस’वर ठेवलं आणि दाबू लागला. मोजत. एक. दोन. तीन. बाईंनी सांगितलेले पन्नास. दुखत होतं, ते त्याच्या मानेच्या शिरेवर दिसत होतं. पानावर काही उमटत नव्हतं. सोड असं तो म्हणाला नाही, म्हणून मी बोटं उचलली नाहीत. तिसाच्या सुमाराला माझा अंगठा बधिर झाला, आणि छातीत काहीतरी इतकं दुखायला लागलं की मला वाटलं, आता मीच ओरडेन.

"पन्नास," तो म्हणाला, आणि कपाळाचा घाम मनगटानं पुसला. "उद्या येताना बाबांचा चिमटा आण."

"छोट्या, अरे, इतक्यात तुला तो धरता..."

"ते मला बघू दे ना, दादा," तो म्हणाला. "या वेळी तरी."

मी हो म्हणालो. माझा अंगठा अजून ‘एंड’वरच होता. तो त्यानंच उचलून बाजूला केला.