सातव्या इनिंगमधली चूक

पेन्सिलीचं टोक तिसऱ्यांदा तुटलं आणि वहीच्या चौकोनात एक काळा ठिपका उमटून राहिला... बोटभर उरलेली पिवळी पेन्सिल, मागचं रबर चावून चावून पार संपलेलं, आणि ते चावणारे दात कुणाचे, तर चव्वेचाळीस वर्षांच्या पुरुषोत्तमचे, ज्याला ऑफिसात सगळे शांत माणूस म्हणतात. शांत म्हणे! टेबलावरचा रेडिओ खरखरला, सव्वाशे मैलांवरच्या क्लीव्हलंडहून बातमी आली की जावईबापू पुन्हा बॅट खांद्यावर ठेवून तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभे राहून बाद झाले, आणि पुरुषोत्तमने मूठ अशी आपटली की चहा बशीत सांडला.

"माती खाल्ली लेकाच्याने! पुन्हा माती खाल्ली!"

जावईबापू हे नाव त्यानेच ठेवलेलं. क्लीव्हलंडच्या बेसबॉल टीममधला सगळ्यात नावाजलेला बॅटर, मानपान भरपूर आणि ऐन वेळी हातावर हात. पिचरचं नाव कारकून, कारण प्रत्येक बॉल टाकण्याआधी तो टोपी सारखी करणार, पट्टा सारखा करणार, आतून साहेबाने हाक मारल्यासारखा. ही नावं ऐकून लहानपणी त्याची लेक प्रतिमा पोट धरून हसायची... आणि आज प्रतिमा तिथे होती, त्या स्टेडियममध्ये, थर्ड बेसच्या मागे कुठेतरी, आणि हा इथे ओहायोतल्याच डब्लिन गावात, आपल्या किचनमध्ये, एका हाताने रेडिओची एरियल धरून.

दर जुलैत एक मॅच, बापलेकींची. पोर सहा वर्षांची होती तेव्हापासून आठ वर्षं हे चुकलं नव्हतं. त्याची बायको नीला पोळीभाजीचे रोल बांधून द्यायची, पहाटे निघायचं, तो वहीत स्कोअर लिहायचा आणि प्रतिमा शेंगा सोलून त्याच्या तळहातावर ठेवायची. आणि यंदा? "जेनीचे डॅड व्हॅन नेतायत, बाबा. सगळ्या फ्रेंड्स जातायत." बरं, जा. मी मागून माझी गाडी घेऊन येतो. यावर कार्टीने मान खाली घातली. "प्लीज, नको. तू मराठीत ओरडतोस." ओरडतो! मग काय करू, भजन म्हणू? त्या टीमला मराठीत शिव्या घालण्यात माझी सतरा वर्षं गेली, तेव्हा कुठे होती जेनी आणि कुठे होते तिचे डॅड...

रागाचं असं असतं की त्याला नेमकी जागा सापडत नाही. तो जावईबापूंवर होता, कारकुनावर होता, आणि सगळ्या शहाऐंशी सालावरच होता. एप्रिल-मेमध्ये याच टीमने ओळीने दहा मॅच जिंकल्या होत्या, त्याला हवेत चढवलं होतं. चढवायचं कशाला मग? आधीच्या साली शंभर मॅच हरले, ते बरं होतं, माणूस आशाच ठेवत नव्हता. आता एक दिवस वाघ आणि दोन दिवस शेळ्या.

"जिंकले की आपण जिंकलो, हरले की हे हरले," नीला भाजी चिरता चिरता म्हणाली. "गंमतच आहे तुमची."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"त्यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

'आपण' हा शब्द त्याच्या डोक्यात अडकला... सोमवारी ऑफिसात तो म्हणाला होता, काल वी वन, आपण जिंकलो, आणि पलीकडच्या टेबलावरचा माणूस अगदी प्रेमाने हसून म्हणाला, वी? तुमच्याकडे क्रिकेट असतं ना? तळपायाची आग मस्तकात गेली होती. गावात तू आलास तीन वर्षांपूर्वी, टेक्सासहून! आणि मी इथे एकोणसत्तर सालापासून—

एकोणसत्तर. विद्यार्थी होता तो, क्लीव्हलंडात एका खोलीत एकटा, नीला अजून यायची होती. रविवारी खायला उठायचं, त्यापलीकडे करायला काही नाही, म्हणून स्टेडियमच्या सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसला. शेजारी एक म्हातारा, गिरणीतला असावा, बोटं जाड आणि काळपट. त्याने न विचारता सगळा खेळ समजावला, हा बंट, हा वॉक, चौकोनात असं लिही. पुरुषोत्तमने घाईघाईत मराठीतच लिहून घेतलं, बादला 'बा', झेलला 'झे', फिल्डरच्या चुकीला 'चू', आणि ते तसंच पुढे सतरा वर्षं चालू राहिलं. टीम त्या दिवशी नऊ धावांनी हरली. उठताना म्हाताऱ्याने याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, वी विल गेट देम टुमॉरो. वी. आपण बघू त्यांना उद्या. या देशात येऊन वर्ष होत आलं होतं आणि कुणीतरी पहिल्यांदा त्याला 'आपण'मध्ये घेतलं होतं. खोलीवर जाताना तो तीन मैल चालला होता, बसचीही आठवण झाली नाही.

सातवी इनिंग. समोरच्या टीमची दोन माणसं बेसवर, आणि बॉल सरळ आपल्या फिल्डरकडे, शॉर्टस्टॉपकडे गेला, अगदी सरळ, आणि हातातून उडून मागे गेला, आणि दोघंही धावत घरी, म्हणजे होम बेसवर, आले. आता ही फिल्डरची चूक की बॅटरचा चांगला फटका, म्हणजे हिट, हे मैदानावरचा अधिकृत स्कोअर लिहिणारा ठरवतो. रेडिओवर सांगितलं, हिट दिला आहे. हिट? पुरुषोत्तमने दातओठ खात चौकोनात 'चू' लिहिलं, इतकं दाबून की ते मागच्या पानावर उमटलं. मॅच तिथेच गेली. हे हरले. हरणारच होते.

साडेसातला व्हॅन आली. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. प्रतिमा आत आली, नाक भाजून लाल झालेलं, आवाज पार बसलेला, डोळ्यांच्या कडांना पाणी सुकलेलं. बापाचा चेहरा बघून तिने मुद्दाम मराठीत सुरुवात केली, हे त्याला कळलं.

"बाबा, आम्ही हरलो."

"आम्ही?" तो खुर्ची सरकवून उभाच राहिला. "आम्ही नाही! आपण! आपण हरलो म्हणायचं! चौदा वर्षं शिकवतोय, एवढं साधं येत नाही?"

"ओके, ओके! व्हॉट्स द डिफरन्स?"

"अगं, 'आपण' म्हटलं की समोरचा माणूस त्यात आला," नीला मधे पडली. "'आम्ही' म्हटलं की तो बाहेर."

प्रतिमाने ओठ चावला. शाळेतलं गणित तपासावं तसं तिने ते मनात तपासलं.

"मग आम्हीच," ती म्हणाली. "हरले की तू नसतोस ना त्यात? यू ऑलवेज से, हे हरले. म्हणून आम्ही." मग टेबलावरच्या वहीकडे बघून, "आणि सेव्हन्थमध्ये तो हिटच होता हं, बाबा. बॉल खड्यावरून उडाला. आय सॉ इट. आई, मला भूक लागलीय." आणि ती हात धुवायला गेली. बोलण्यात खोच नव्हती, उलटून बोलायचं म्हणून ती बोललीच नव्हती. तेच वाईट होतं.

तो बसला. राग अजून होता, मुठीत होता, पण कुणावर टाकायचा ते कळेना... आणि मग, काही कारण नसताना, म्हाताऱ्याचा हात पाठीवर पडला. वी विल गेट देम. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. 'आपण' मी केलं त्याचं. मीच केलं, जागच्या जागी, मागच्या बाकावर, थंडीने कुडकुडत. त्याला काय म्हणायचं होतं? आम्ही बघू त्यांना उद्या, पोरा, तू जा घरी... असंही असेल. विचारलं नाही. कसं विचारणार? कोणत्या भाषेत? आणि प्रतिमा तरी कुठे चुकली? सतरा वर्षं नुसत्या जिंकण्यापुरता मी आत होतो. हरून घरी येणारे हे दुसरेच कुणीतरी, आणि त्यांच्यासाठी रडली ती.

वही उघडीच होती. 'चू' पुसायला त्याने पेन्सिल उलटी केली, पण रबर कुठलं, नुसता पत्रा कागदावर घासला. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

"हरलो," तो हळूच म्हणाला, बोलून बघावं तसं. मी, आम्ही, आपण... तिघांनाही तो शब्द चालत होता.