पंचांगात नसलेला केक

मित्रांनो, मी केक भाजायचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा तळ गंजला आहे आणि एका बाजूला मोठा पोचा आहे. आज मला कोणी पाहिले तर कोंबड्यांना पाणी ठेवायचे भांडे समजेल. पण जळगावातल्या एका घरात माझ्यामुळे एक मुलगी पुन्हा जेवायला लागली होती. तिचीच हकिगत तुम्हाला सांगतो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. गिरधर नावाचा तरुण कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या कारखान्यात फिटर होता. सरकारी बंगल्यातला पंप दुरुस्त करायला गेला असता तिथल्या खानसाम्याने त्याला केकचा तुकडा दिला. गिरधरने तो अर्धाच खाल्ला आणि उरलेला कागदात बांधून बहिणीसाठी घरी नेला.

त्याची बहीण झुंबर. तिला एरंडोलला दिली होती. लग्नाला वर्ष होते न होते तोच तिचा नवरा पटकीने गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. तिची आई मंदाबाई दुष्ट नव्हती, पण लोकांच्या बोलण्याला फार भिणारी होती. सणाच्या दिवशी झुंबरने मागच्या खोलीत बसायचे, गोडाला हात लावायचा नाही, असा तिने दंडक घातला. पुढे पुढे झुंबर सण नसतानाही जेवेना. भाकरीचा तुकडा मोडायची, नुसता कुस्करायची आणि ताट सारायची. तिच्या मनगटाची हाडे दिसू लागली होती. कागदातला तो तुकडा मात्र तिने खाल्ला. कागदाला चिकटलेले कणसुद्धा बोटाने टिपले.

गिरधरने ते पाहिले. दुसऱ्याच दिवशी तो पत्र्याचे काम करणाऱ्या अन्वरमियाँकडे गेला. त्यांनी वनस्पती तुपाचा रिकामा डबा कापून, कडा ठोकून मला घडवले.

शेगडीवर मोठे पातेले, पातेल्यात वाळू, वाळूत मी आणि वर झाकणावर निखारे. माझ्या पोटात रवा, दही, साखर, चमचाभर तूप, खायचा सोडा आणि काळी पडलेली केळी. पहिला केक खालून करपला. वास दारापर्यंत गेला तशी मंदाबाई आली.

"हाऊ कसाना सन शे?" तिने विचारले.

"सन नही, माय. हसीनाबीनी बकरी व्याइनी," गिरधर शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाला.

"त्यानं आपले काय?"

"आनंद शे ना! आणि पंचांगमा केक नही, माय. मंग त्याले बंदी बी नही."

झुंबर पदर तोंडाला लावून हसली. तिचे हसणे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मग कारणांना तोटा राहिला नाही. सायकल आठवडाभर पंक्चर झाली नाही, करा केक. कारखान्याचा भोंगा उशिरा वाजला, करा केक. शेजारची हसीनाबीसुद्धा भिंतीवरून ओरडायची, "झुंबर, हमारा चूहा पकडा गया! आज तो केक बनता है!" एकदा गिरधर म्हणाला, आज मायने दिवसभर कोणाला शिवी दिली नाही. तेव्हा मंदाबाई तोंड फिरवून आत गेली. तिने केक कधी चाखला नाही, पण मला कोणी बाहेर काढले तर अडवलेही नाही. झुंबरच्या हातातल्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच होत्या, पण हात भरू लागले होते.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यात कापसाच्या गंजीला आग लागली. आत अडकलेल्या एका हमालाला गिरधरने बाहेर ढकलले. तो स्वतः आला नाही. संध्याकाळी त्याला गोणपाटात गुंडाळून घरी आणले. मंदाबाईने कोणाला जवळ येऊ दिले नाही. तेरावा झाल्यावर तिची नजर फळीवर माझ्याकडे गेली.

"नवरा खादा, आते भाऊ बी खादा!" ती झुंबरवर ओरडली आणि मला उचलून भिंतीवर आपटले. हा पोचा तेव्हाचा. त्या घरात काही फेकून देत नसत, म्हणून भांडी घासायची राख भरून मला मोरीपाशी ठेवले.

घरात मिळवणारे कोणी उरले नाही. झुंबर त्याच कारखान्यात कापूस निवडायला जाऊ लागली. जाता-येता तिला त्या आगीने काळी पडलेली भिंत दिसायची. परत आली की केसांत कापसाचे तंतू असत आणि डोळे खाली. मंदाबाई तिच्यासमोर ताट आदळायची. झुंबर पुन्हा भाकरी कुस्करू लागली. राख भिजून माझ्या पोटात दगडासारखी झाली.

एका सुटीच्या दिवशी हसीनाबीने भिंतीवरून काळी पडलेली केळी पुढे केली. झुंबरने ती घेतली. मग तिने पळीने माझ्यातली राख खरवडली, चिंचेने मला घासले आणि शेगडी पेटवली.

वास सुटला. मंदाबाई दारात आली.

"आज कोनी बकरी व्याइनी?" तिचा आवाज चाबकासारखा होता.

झुंबरने तोंड उघडले. आता ही काहीतरी बहाणा सांगेल, असे मला वाटले. तिने आभाळाकडे पाहिले, वळचणीखालच्या सायकलीकडे पाहिले. बहाणे गिरधरचे होते, ते त्याच्याबरोबर गेले होते.

"काहीच व्हयनं नही, माय," ती म्हणाली. "माले भूक लागनी."

मंदाबाई शेगडीपाशी आली. मग खाली बसली, फुंकणी घेतली आणि निखारे फुंकू लागली. इतक्या जोराने की राख तिच्या केसांवर उडाली. केक मधे कच्चाच राहिला. तिने हाताने मोठा तुकडा मोडला, लेकीच्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "खाय." बोटांना लागलेले तिने स्वतःच्या तोंडात घातले.

त्या दिवशी कोणी हसले नाही. मंदाबाईची जीभ पुढेही तिखटच राहिली, आणि दुसऱ्या सकाळी झुंबर त्याच काळ्या भिंतीजवळून कामाला गेली.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी घासून कोरडी ठेवत जा, पत्र्याला ओल सोसत नाही. आणि तुमच्या घरात कोणी दोन घास खायला कारण शोधत असेल, तर त्याला कारण विचारू नका. आधी वाढा.